मूळचे आणि खरे

पौड मागे टाकून ताम्हिणीच्या दिशेने निघाले की भाताच्या खाचरांच्या कडेने अनेक लहान गावे लागतात. त्यांपैकी एका गावी आमच्या एका स्नेह्यांचे घर आहे. शिक्षकी पेशातून ते निवृत्त झाले आहेत. घराच्या मागच्या पडवीत पूर्वी आंबेमोहोराची पोती रचलेली असत. आता तेथे एक जुनी लष्करी जीप सुट्या भागांच्या रूपाने मांडलेली आहे. गेल्या श्रावणात आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा बाहेर मुळशीचा पाऊस अखंड कोसळत होता आणि आत आमचे स्नेही गोणपाटावर मांडी घालून बोल्ट घासत बसले होते. त्यांनी रॉकेलात भिजत घातलेला एक बोल्ट आणि पितळी तारांचा ब्रश आमच्या हाती दिला. "याचं डोकं घासा आणि काय दिसतं ते सांगा," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने गंजाचा थर निघाला आणि षटकोनी डोक्यावर एक वळणदार इंग्रजी अक्षर दिसू लागले : एफ. स्नेह्यांचा चेहरा उजळला. "हा मूळचा!" असे म्हणून त्यांनी तो एका डब्यात ठेवला. शेजारी दुसरा डबा होता. ज्यांच्या डोक्यावर ते अक्षर नाही असे सारे बोल्ट त्यात पडत होते.

त्या दोन डब्यांकडे आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. पहिल्या डब्यातले बोल्ट खरे आणि दुसऱ्यातले खोटे, असे म्हणता येईल काय? मूळचे असणे आणि खरे असणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? वरवर पाहता हा छंदिष्टांचा प्रश्न वाटतो. परंतु त्या पडवीत बसून जसजसा आम्ही त्याचा विचार करू लागलो, तसतसे ध्यानात आले की हा सदसद्विवेकाचा प्रश्न आहे आणि तो जीपपुरता मर्यादित नाही.

प्रथम त्या अक्षराची कथा सांगणे आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना गती मिळणारी गाडी हवी होती. विलिस कंपनीचा आराखडा मान्य झाला. परंतु एका कारखान्याने ती गरज भागणे शक्य नव्हते. म्हणून नोव्हेंबर १९४१ मध्ये त्याच आराखड्यानुसार गाड्या बनवण्याचे काम फोर्ड कंपनीलाही देण्यात आले. विलिसच्या गाडीला 'एमबी' आणि फोर्डच्या गाडीला 'जीपीडब्ल्यू' असे नाव होते. यातला 'डब्ल्यू' हा आराखडा विलिसचा असल्याची कबुली देणारा. युद्ध संपेपर्यंत दोन्ही मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. फोर्डने आरंभी गाडीच्या मागच्या पत्र्यावर आपले नाव ठसठशीत उमटवले होते. १९४२ मध्ये सरकारने त्याला हरकत घेतली आणि ते नाव गेले. परंतु कंपनीने आपल्या सुट्या भागांवर, इतकेच नव्हे तर बोल्टांच्या डोक्यांवरही, आपले आद्याक्षर उमटवणे सोडले नाही. पत्र्यावरून पुसलेले नाव असे बोल्टांच्या माथ्यावर टिकून राहिले. आज ऐंशी वर्षांनंतर जगभरचे संग्राहक पितळी ब्रश घेऊन तेच अक्षर शोधत असतात.

आमच्या स्नेह्यांची जीप ही अशी फोर्डची आहे. युद्ध संपल्यावर या देशात मागे राहिलेली लष्करी सामग्री 'डिस्पोजलचा माल' म्हणून विकली गेली, हे जुन्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल. ही गाडी दोन-तीन हात बदलून त्यांच्या वडिलांकडे आली आणि मग तीस वर्षे या डोंगराळ मुलखात राबली. तिने भाताची पोती वाहिली, दुधाच्या किटल्या वाहिल्या, लग्नाची वऱ्हाडे नेली आणि आजाऱ्यांना पुण्याच्या इस्पितळात पोहोचवले. या काळात तिचे बोल्ट तुटले, झिजले, चिखलात हरवले आणि दर वेळी गावातल्या किंवा पौडच्या मिस्त्रीने हाताशी असेल तो बोल्ट तेथे बसवला. आज तिच्यावर मूळचे बोल्ट जेमतेम एक तृतीयांश उरले आहेत. उरलेल्यांचा शोध हे आमच्या स्नेह्यांचे गेल्या तीन वर्षांचे व्रत होऊन बसले आहे.

हा शोध किती अवघड आहे, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही. बोल्ट म्हणजे बोल्ट, असे आपण समजतो. वस्तुतः त्याच्या आट्यांत देशांचे इतिहास गुंडाळलेले आहेत. इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये आट्यांचे माप ठरवून दिले. त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ मध्ये वेगळी पद्धत सुचवली. तिच्यात कोन ६० अंशांचा. अर्ध्या इंचाच्या जाड आट्यांच्या बोल्टाला इंग्रजी पद्धतीत इंचाला १२ आटे, अमेरिकन पद्धतीत १३. एका आट्याच्या या फरकामुळे इंग्रजांचा नट अमेरिकनांच्या बोल्टावर चढत नसे. युद्धात दोन्ही राष्ट्रे एका बाजूने लढली, पण त्यांच्या यंत्रांचे सांधे एकमेकांत बसत नव्हते. हा धडा घेऊन अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये वॉशिंग्टन येथे आट्यांच्या एका सामाईक मापावर सह्या केल्या. आपल्याकडे इंग्रजी माप रुळलेले होते. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली आणि कालांतराने बोल्टही मिलिमीटरमध्ये मोजले जाऊ लागले.

आमचे स्नेही पुण्याच्या बोहरी आळीत जातात आणि 'अडीच सुती, बारीक आट्यांचा' असा बोल्ट मागतात. अडीच सूत म्हणजे इंचाचे पाच सोळांश. जीपच्या बोल्टाला इंचाला २४ आटे असतात. दुकानदार आठ मिलिमीटरचा बोल्ट पुढे करतो. जाडीत दोहोंचा फरक केसाएवढाही नाही. तो नट त्या बोल्टावर सरळ चढू लागतो. पहिले एक-दोन फेरे बिनतक्रार जातात आणि मग तो अडतो. अडाणी माणूस तेथे पाना लावून जोर करतो आणि दोघांचेही आटे मारले जातात. चाकांच्या बाबतीत तर याहून मोठी फसगत होते. या गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, फिरत्या चाकाने ते सैल होऊ नयेत म्हणून. हे ठाऊक नसलेला माणूस नट सोडवण्यासाठी जितका जोर करतो तितका तो नट अधिकच आवळला जातो. किती गाड्यांचे खुंट अशा अज्ञानाने तुटले असतील, कोण जाणे! जे वरून सारखे दिसते ते सारखे नसते, आणि विसंगती कळते ती पहिल्या फेऱ्याला नव्हे, तर भार पडू लागल्यावर. माणसामाणसांच्या संबंधांतही आपण हाच अनुभव घेत असतो.

तीन वर्षांच्या या शोधात आमच्या स्नेह्यांपुढे तीन मार्ग उभे राहिले आणि तिन्ही मार्गांवर एकेक नैतिक पेच होता.

पहिला मार्ग जुन्या बाजाराचा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी लोखंडाच्या ढिगाऱ्यांतून नशीब काढावे लागते. तेथे एका भंगारवाल्याने त्यांना सांगितले की त्याच्याकडे अशीच एक जीप पडून आहे. हवे ते बोल्ट काढून घ्या. स्नेही गेले. गाडी गंजलेली होती, पण तिचा सांगाडा शाबूत होता. कोणी मनावर घेतले असते तर ती पुन्हा उभी राहू शकली असती. तिचे बोल्ट काढणे म्हणजे तिच्या उभे राहण्याची शेवटची आशा काढून घेणे. आपल्या गाडीची पूर्णता दुसऱ्या गाडीच्या विध्वंसातून साधावी काय? शिवाय तेथून आणलेला बोल्ट फोर्डचा असला तरी या गाडीचा नव्हे. त्याने दुसऱ्याच कोणाचे ओझे पेलले होते. तो मूळचा खरा. पण कोणाचा मूळचा? स्नेही रिकाम्या हातांनी परतले. पुढे ती जीप कापून वितळवायला गेल्याचे त्यांना कळले. आपण केले ते योग्य की अयोग्य, याचा उलगडा त्यांना अजून झालेला नाही. आम्हालाही तो झालेला नाही. चांगल्या हेतूने केलेल्या संयमाचे फळ नेहमी चांगलेच मिळते, असे जग सांगत नाही.

दुसरा मार्ग परदेशी मालाचा. बाहेरच्या देशांत या बोल्टांच्या हुबेहूब प्रती तयार होतात. त्यांच्या डोक्यावर तेच वळणदार अक्षर असते. त्या मागवता येतात; खर्च मात्र मोठा. विकणारा ते नवे असल्याचे उघड सांगतो, तेव्हा त्याच्याकडून फसवणूक होत नाही. परंतु गाडीवर बसवून, रंग देऊन, दोन पावसाळे गेल्यावर तो बोल्ट बोलू लागतो. 'मी १९४३ सालचा आहे' असे तो पाहणाऱ्याला सांगतो. त्या वेळी त्याला 'तू कालचा आहेस' असे म्हणणारा कोणी तेथे नसतो.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सोपा. पिरंगुटच्या बाजूला लेथवर काम करणारा एक कसबी टर्नर स्नेह्यांच्या परिचयाचा आहे. त्याने आट्यांचे माप अचूक काढून दिले आणि मग सहज म्हणाला, "गुरुजी, त्या अक्षराचा ठसा मी बनवतो. पाहिजे तेवढ्या बोल्टांवर मारून देतो. कोण बघणार आहे?" तो माणूस लबाड नाही. स्नेह्यांची धावपळ पाहून त्याला कणव आली होती. परंतु त्याच्या तोंडचा शेवटचा प्रश्न आमच्या मनात रुतून बसला. कोण बघणार आहे? सदसद्विवेकाचे सारे शास्त्र या तीन शब्दांभोवती फिरते. ज्या ठिकाणी कोणी बघत असते तेथे आपण कायद्याने, लोकलाजेने किंवा भीतीने सरळ वागतो. गाडीच्या पत्र्याखाली, चेसीच्या आतल्या बाजूला, जेथे दिवा घेऊन वाकल्याशिवाय काही दिसत नाही, तेथे कोणता बोल्ट बसवायचा हा निर्णय मात्र माणूस एकटा घेतो, आणि आपण कोण आहोत हे त्याला त्या निर्णयातूनच कळते.

येथे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक एक जुनी नौका आमच्यापुढे आणून उभी करतील. प्लुटार्कने सांगितले आहे की अथेन्सच्या लोकांनी थिसियसची नौका जतन केली. जी फळी कुजे ती काढून नवी बसवीत गेले. अखेर विद्वानांत वाद सुरू झाला की ही नौका तीच आहे की दुसरी. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याने १६५५ मध्ये त्या वादाला नवा पीळ दिला. समजा, काढून टाकलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कोणी गोळा केल्या आणि त्यांची दुसरी नौका बांधली, तर मग खरी नौका कोणती? पडवीतले दोन डबे पाहताना आम्हाला हॉब्जचीच आठवण झाली. दुसऱ्या डब्यात पडलेले ते बिनअक्षरी बोल्टही एका गाडीचे अवशेष आहेत. ती गाडी कारखान्यातून आलेली नसेल. पण मुळशीच्या रस्त्यांवर तीस वर्षे धावलेली जीप तीच होती. फोर्डची गाडी पूर्ण करताना आपण मुळशीची गाडी मोडत तर नाही ना?

या प्रश्नाची धार आणखी एका गोष्टीने वाढते. विलिस आणि फोर्ड या दोन्ही कारखान्यांच्या जीपचे भाग एकमेकांना बसावेत, हाच तर त्या करारामागचा हेतू होता. रणभूमीवरच्या दुरुस्तीपथकाला गाडी लवकर रस्त्यावर आणायची असे. हाती आलेल्या बोल्टावर कोणते अक्षर आहे हे त्यांपैकी कोणी पाहत नसे. म्हणजे निर्भेळ फोर्ड जीप ही कारखान्याच्या दारापासून पहिल्या दुरुस्तीपर्यंतच अस्तित्वात होती. त्यानंतर तिचे जीवन सुरू झाले आणि जीवन हे नेहमी मिश्र असते. ज्या शुद्धतेकडे आपण परतू पाहतो, ती शुद्धता तिच्या सेवेच्या काळात कधी नव्हतीच. आपल्या समाजातही मूळच्या शुद्ध रूपाकडे परतण्याची भाषा अनेकदा ऐकू येते. अशा वेळी आपण हे ध्यानात ठेवावे की तो शुद्ध काळ पुष्कळदा कारखान्याच्या दारातच संपलेला असतो.

मग मूळ बोल्ट शोधण्याचा हा सारा खटाटोप व्यर्थ आहे काय? तसे आम्ही म्हणणार नाही. एखाद्या वस्तूवर तिच्या घडवणाऱ्यांनी काय कष्ट घेतले, कोणते माप का निवडले, उलटे आटे का पाडले, हे त्या वस्तूच्या तपशिलांतूनच कळते. तपशील गेले की स्मृती जाते आणि उरतो तो केवळ आकार. ज्याने इंचाला २४ आटे असलेला बोल्ट हातात धरला आहे त्याला युद्धकाळातील त्या अनाम कामगारांचे जे ज्ञान होते, ते नुसत्या चित्राने होत नाही. म्हणून मूळ वस्तूचा आदर हा एक प्रकारे मृतांविषयीचा आदर आहे. परंतु आदर आणि सोंग यांतली रेषा फार बारीक असते.

ती रेषा ओलांडली की काय होते, हे आपल्या देशाने याच वाहनाच्या संदर्भात पाहिले आहे. १९४८ मध्ये काश्मीरची लढाई चालू असताना सैन्याला तातडीने गाड्या हव्या होत्या. लंडनमधील भारतीय उच्चायुक्तालयाने दुरुस्त करून नव्यासारख्या केलेल्या २००० जीप घेण्याचा करार एका विदेशी कंपनीशी केला. त्यांपैकी १५५ जीप मद्रासला उतरल्या आणि त्या वापरण्यास अयोग्य असल्याचे सैन्याला आढळले. संसदेत गदारोळ झाला, चौकश्या झाल्या आणि १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. स्वतंत्र भारतातील पहिल्या मोठ्या गैरव्यवहाराच्या आरोपांत त्याची गणना होते. कोणाचा दोष किती हा निवाडा येथे आम्हाला करावयाचा नाही. आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो एकच शब्द : नव्यासारख्या. दुरुस्त केलेली वस्तू आणि दुरुस्त दिसणारी वस्तू यांत जे अंतर आहे, त्या अंतरात सैनिकाचा जीव अडकलेला असतो.

याच कारणाने एका बाबतीत आमच्या स्नेह्यांनी मूळ बोल्टाचा आग्रह स्वतःहून सोडला. सुकाणूच्या आणि ब्रेकच्या जोडांवर अक्षर असलेले दोन-चार जुने बोल्ट त्यांना मिळाले होते. दिसायला ते सुबक होते. पण त्यांचे आटे झिजलेले, आणि ऐंशी वर्षांच्या ताणाने लोखंड किती थकले आहे हे डोळ्यांनी कळत नाही. ताम्हिणीच्या वळणांवर ही गाडी उतरताना समोरून शाळेची बस येणार नाही, असे कोण सांगेल? तेथे त्यांनी योग्य मापाचे नवे, मजबूत बोल्ट बसवले. मूळचे असण्यापेक्षा दुसऱ्याचा जीव मोठा, हा क्रम त्यांना क्षणभरही अवघड वाटला नाही. ज्यांना वाटतो त्यांचे वस्तुप्रेम आम्हाला संशयास्पद वाटते.

जुन्या वस्तूंच्या जतनाचा विचार जगात दीर्घकाळ चालला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने जुन्या वास्तूंविषयी एक नियम घालून दिला : हरवलेल्या भागाच्या जागी जे नवे बसवाल ते जुन्याशी मेळ राखणारे असावे, पण निरखून पाहणाऱ्याला ते नवे आहे असे ओळखता यावे, अन्यथा दुरुस्तीच इतिहासाची साक्ष खोटी पाडील. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेतही बदललेल्या भागांवर टिकाऊ खूण करण्याचा आग्रह आहे. या नियमांत आम्हाला जतनशास्त्राइतकेच नीतिशास्त्र दिसते. जखम भरून काढा, पण व्रण लपवू नका, असे ते सांगतात. ज्याने आपले आयुष्य मोडल्यावर पुन्हा उभे केले आहे, अशा प्रत्येक माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आता त्या दुसऱ्या डब्याकडे वळू. त्यात एक बोल्ट इतरांहून निराळा होता. त्याचे डोके षटकोनी नव्हते. चौकोनी आणि किंचित वाकडे होते. गाडी चिखलात रुतली की चौघांनी मिळून उचलून काढावी म्हणून या जीपच्या पत्र्याला लोखंडी हातधरे बसवलेले असतात. त्यांपैकी एका हातधऱ्याचा हा बोल्ट. स्नेह्यांनी तो काढून डब्यात टाकला होता आणि त्याच्या जागेसाठी अक्षराचा बोल्ट मिळवलाही होता. त्यांच्या वृद्ध मातोश्री चहा घेऊन आल्या आणि डब्यात डोकावल्या. "ह्यो कशाला काढलास रं?" त्यांनी विचारले. मग त्यांनीच सांगितले. फार वर्षांपूर्वी भर पावसात शेजारच्या एका बाळंतिणीला पुण्याला नेत असता गाडी ओढ्याच्या चिखलात रुतली. गावची माणसे कंबरभर पाण्यात उतरली आणि हातधरे धरून त्यांनी गाडी उचलली. त्या ओढाताणीत एक बोल्ट तुटला. बाळंतीण वेळेवर पोहोचली; मूल वाचले. दुसऱ्या दिवशी गावच्या लोहाराने भट्टीवर सळई तापवून डोके ठोकले, हातडायने आटे पाडले आणि हातधरा पुन्हा जागेवर बसवला. पैसे विचारले तर म्हणाला, "गाडी गावाची हाय." आज तो लोहार नाही, त्याची भट्टीही नाही.

मातोश्री आत गेल्या. आमचे स्नेही बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर पागोळ्या गळत होत्या. मग त्यांनी तो बोल्ट डब्यातून उचलला, रॉकेलाने पुसला आणि त्याच्या डोक्यावर बोट फिरवीत म्हणाले, "यावर अक्षर नाही." आम्ही म्हणालो, "लोहाराला अक्षर येत नसावे. पण सही त्याचीच आहे."

या प्रसंगानंतर त्यांनी एक वही घातली. शाळेत हजेरीपट ठेवावा तशी तिची आखणी आहे. गाडीतील प्रत्येक बोल्टाला क्रमांक आहे. कोणता मूळचा, कोणता नवा, कोणता परदेशी प्रतीचा, कोणता आठ मिलिमीटरचा आणि तेथे आटे का बदलावे लागले, हे त्यांनी त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिले आहे. नव्या बोल्टांच्या डोक्यावर त्यांनी पंचाने एक बारीक ठिपका उमटवून घेतला आहे. ठसा मारू पाहणाऱ्या त्याच टर्नरने तो हौसेने मारून दिला. लोहाराच्या बोल्टापुढे 'या गावचा' एवढीच नोंद आहे आणि तो आपल्या जागी, हातधऱ्यावर, परत गेला आहे.

या वहीची किंमत त्यांना मोजावी लागणार आहे. मुंबईचे एक संग्राहक गाडी घेऊ इच्छितात. सर्व बोल्ट अक्षराचे असतील तर ते पुष्कळ अधिक रक्कम देण्यास तयार होते. त्या रकमेत घराचे गळके छप्पर नवे झाले असते. वही ठेवली नसती आणि ठसा मारून घेतला असता, तर कदाचित कोणालाही कळले नसते. स्नेह्यांनी वहीची नक्कल त्यांना पाठवली आहे. उत्तर अजून आलेले नाही. पावसाळ्यात पडवी गळते, त्या ठिकाणी त्यांनी एक घमेले ठेवले आहे.

आम्ही परतलो तेव्हा मनात आरंभीचाच प्रश्न होता. पण त्याचे रूप थोडे बदलले होते. मूळचे असणे ही दैवाची गोष्ट आहे. कोणता बोल्ट टिकला आणि कोणता चिखलात हरवला यात कोणाचे कर्तृत्व नाही. खरे असणे ही मात्र आपल्या हातातली गोष्ट आहे. ज्याचे मूळ हरवले आहे त्यालाही खरे राहता येते, जर त्याने आपल्या अंगावर दुसऱ्याचे अक्षर कोरून घेतले नाही तर. आपल्यापैकी कितीजण अगदी मूळच्या रूपात उरले आहेत? आजारपणांनी, स्थलांतरांनी, शोकांनी आपले किती भाग बदलले गेले आहेत, आणि कोणी कोणी आपल्याला वाटेत मिळेल त्या लोखंडाने जोडून उभे केले आहे! ते सारे झाकून आपण कारखान्यातून आलो तसेच आहोत असा आव आणण्यापेक्षा, त्या सर्वांची एक प्रामाणिक वही आपल्याजवळ असावी, एवढेच पुरेसे आहे. त्या वहीत काही नावे अशा लोकांची असतील की ज्यांना अक्षर येत नव्हते. परंतु ज्यांच्या जोडाने आपण चिखलातून बाहेर निघालो.